दहा बाय दहाची हरळी

"दुर्गे, या परीक्षेत नापास व्हायचं म्हणलं तरी मानसाला व्हता येनार न्हाई!" बद्रीनाथनं भाकरी कुस्करता कुस्करता जाहीर करून टाकलं. "हरळी उगवून दाखवायची हाये. हरळी! जी उगवू ने म्हणून अख्खं गाव जिवाचं रान करून राह्यलंय, ती उगवली की आपन पास!"

दुर्गाबाईनं आधी दाराकडं पाहिलं. बाहेर ओसरीवर तिचे सासरे, कडूबा, सुपारी कातरत बसले होते.

"हळू बोला," ती म्हणाली. "आबाच्या कानावर गेलं तर पास व्हनं ऱ्हाईल बाजूला. दोघांलाबी घराबाहेर काढतील."

ती काही उगाच घाबरत नव्हती. पण आधी परीक्षेचं सांगायला पाहिजे.

बद्रीनाथ अंकुशनगरला साखर कारखान्याच्या बागेत अकरा वर्षं रोजंदारीवर होता. त्याचं गाव तीर्थपुरीपासून कोसभर. सायकलनं जायचं, झाडांना पाणी द्यायचं, सायकलनं यायचं. अकरा वर्षांत त्याच्या हातची गुलाबं चार साहेबांनी चार बायकांना दिली, पण हा रोजंदारीचा रोजंदारीवरच राहिला. मग अठ्ठ्याण्णव साली कळलं, की बागेतली एक जागा कायम होणार आहे. अट एकच होती. माणूस उद्यानविद्येचा कोर्स पास पाहिजे. बद्रीनाथचं वय अडतीस. ही गाडी चुकली तर पुढची नव्हती, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

कोर्सही नवाच होता. एक विद्यापीठ आणि तालुक्याचं कॉलेज यांच्यात करार झाला होता. पुस्तकं, पेपर आणि परीक्षक विद्यापीठाचे. खोली, फळा आणि विद्यार्थी कॉलेजचे. जमीन कोणाची, हे तेवढं करारात लिहायचं राहून गेलं! कॉलेजात फुटबॉलएवढीही मोकळी माती नव्हती. कोर्सचे प्रमुख अप्पाराव सर खरे इतिहासाचे. पण त्यांच्या गॅलरीत तुळस आणि कोरफड अशा दोन कुंड्या होत्या, म्हणून प्राचार्यांनी हे खातं त्यांच्याकडं दिलं. अप्पाराव सर भला माणूस. त्यांनी दर रविवारी पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शेवटी सांगितलं, "प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकानं आपापल्या जागेत दहा फूट बाय दहा फूट हिरवळ तयार करायची. लॉन! पुस्तकात या गवताचं शास्त्रीय नाव आहे, ते मला उच्चारता येत नाही. पण चित्र पाहिलं तर ही आपली हरळीच दिसते."

 मागच्या बाकावरच्या एकानं हळूच विचारलं, "सर, लावायची? का काढायची?"

आता कडूबांचं. बद्रीनाथ पाळण्यात होता तेव्हा त्यांचं विहिरीकडचं पाच एकर रान हरळीनं खाल्लं होतं. कडूबा आणि त्यांची बायको तीन उन्हाळे कुदळी घेऊन त्या रानात उभे होते. हरळीची मुळी हात-दीड हात खाली जाते, आणि बोटभर तुकडा राहिला तरी पावसाळ्यात पुन्हा हजर होते. तीन वर्षांनी रान मोकळं झालं. पण बद्रीनाथच्या आईची कंबर जी बसली ती बसलीच. मरेपर्यंत ती बाई वाकूनच चालली. त्यामुळं हरळी हे कडूबांच्या लेखी नुसतं तण नव्हतं. तिच्याशी त्यांचं वैर होतं, आणि ते वैर त्यांनी साऱ्या गावाला लावलं होतं. पोरगी द्यायची तर आधी नवऱ्या मुलाचा बांध पाहायचा, हा त्यांचा शब्द. बांधावर हरळी दिसली, की चहा न घेता परत फिरायचं! गावचे जुने सरपंच काकासाहेब, त्यांच्या पुतण्याची ठरत आलेली सोयरीक कडूबांनी अशीच बांधावरून मोडली होती. गावात कोणाच्या रानात हरळी असली तरी तो माणूस मरेस्तोवर कबूल होत नसे.

अशा माणसाला, "आबा, मी तुमच्याच रानात हरळी लावतो, विद्यापीठानं सांगितलंय," हे कोणत्या तोंडानं सांगायचं? बद्रीनाथनं नाही सांगितलं. कारखान्याचा काहीतरी कोर्स आहे, एवढंच सांगितलं. गुडघ्यांपायी म्हातारा दोन वर्षं रानात फिरकला नव्हता. मृग निघाल्यावर बद्रीनाथनं विहिरीपाशी जागा निवडली, चारी बाजूंनी तूर पेरली आणि मधोमध, चोरानं माल पुरावा तशी, हरळी लावली. कारखान्याच्या बागेतून मुळ्या आणल्या, डब्यात लपवून!

आणि काय हरळी आली महाराजा! दसऱ्याच्या आधी तूर डोक्याएवढी झाली आणि आत हिरवागार गालिचा. बद्रीनाथ रोज कामावरून परत येताना तिथं थांबायचा, कात्रीनं गवत कापायचा, हातानं चाचपून पाहायचा. एकदा तो तिच्यावर पाय लांब करून पडलासुद्धा. आपल्याला कायम झाल्यासारखं वाटलं, असं त्यानं घरी येऊन दुर्गाबाईला सांगितलं.

लेखी परीक्षा दोन दिवस होती. बद्रीनाथ तालुक्याला गेला. दुर्गाबाई दोन्ही दिवस कापूस वेचायला परक्या रानात. ओसरीवर कडूबा एकटेच होते, तेव्हा शेजारची गोजरबाई आली. गोजरबाईच्या पोटात पाणीसुद्धा राहत नसे, बातमी कुठून राहणार?

"कडूबादादा, रागवू नका," ती म्हणाली. "काल तुमच्या इहिरीवर पानी प्याला गेल्ते. तुरीच्या मधी हरळी माजलीय. अशी माजलीय, की म्हशीनं बसावं!"

"कोनाच्या तुरीत?"

"तुमच्या."

कडूबांनी अडकित्ता खाली ठेवला.  पोरगं सकाळी अंधारात जातं, अंधारात येतं. वरून ही परीक्षा. त्याला रान पाहायला सवड कुठली? त्याच्या आईनं कंबर मोडून मोकळं केलेलं रान, आणि आपण ओसरीवर सुपारी खात बसलोय. त्यांना पोराचा राग आला नाही. स्वतःची लाज वाटली.

"गोजरे, गावात बोललीस?"

"न्हाई, बिलकुल न्हाई!"

"मंग बोलू नको. हिरवं सारं तुझ्या म्हशीला देतो."

आणि बहात्तर वर्षांचा तो माणूस एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात खुरपं-कुदळ घेऊन रानात गेला. गुडघे वाकेनात, म्हणून बसूनच सरकत राहिला. दोन दिवस! हरळी वरवर काढणं त्यांना माहीतच नव्हतं. हात-दीड हात माती उकरली, चाळली, मुळीचा तुकडा न तुकडा वेचला. हिरवं गोजरबाईच्या म्हशीनं खाल्लं. मुळ्या गेल्या सालच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीवर टाकून जाळल्या आणि राख काटेरी जाळीत फेकली. मग माती हातानं सारखी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बद्रीनाथ घरी आला तेव्हा म्हातारा पाठ शेकत पडला होता.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाई. पेपर कसा गेला?"

"एकदम बराबर. उद्या इदयापीठाचे साहेब आपलं रान पाह्याला येनार हायेत."

म्हातारा भिंतीकडं तोंड करून हसला. वेळेवर साफ झालं म्हणायचं! पोराला उद्याच दाखवू, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला जीप आली. परीक्षक उंच, चष्म्याचे, हातात कागद लावलेली पाटी. मागं अप्पाराव सर. इस्त्रीचा सदरा घातलेला बद्रीनाथ पुढं चालत होता आणि बोलत होता, "साहेब, चपला काढूनच या म्हणनार होतो. एवढी मऊ झाली हाये..."

त्यानं तूर बाजूला केली.

समोर दहा फूट बाय दहा फूट काळी माती होती. विंचरलेली! गवताची काडी नाही. आणि तिच्या कडेला कडूबा बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून, तोंडभर हसत.

"बघ रं बद्री," ते म्हणाले. "एक बी मुळी ठुली न्हाई. तुझी आई असती तर तिनं बी हेच केलं असतं. आता बेफिकीर पास हो!"

 अकरा वर्षं त्या काळ्या चौकोनात गडप झाल्यासारखी बद्रीनाथला वाटली. ओरडावं असं वाटलं. पण म्हाताऱ्याची बोटं त्याला दिसली. दहाच्या दहा सोललेली होती.

"बरं केलं, आबा," तो म्हणाला.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "हिरवळ कुठं आहे?"

"हितंच व्हती, साहेब."

"आता कुठं आहे?"

"म्हशीच्या पोटात," कडूबांनी अभिमानानं सांगितलं.

परीक्षकांच्या कागदावर पाच रकाने होते, प्रत्येकाला दहा गुण. पन्नासपैकी वीसला पास. त्यांनी वाचत वाचत लिहिलं, "गवताची उंची, शून्य. घनता, शून्य. रंग..." ते थांबले. "काळा. शून्य. मुळांची पकड, शून्य. तणमुक्तता..." त्यांनी खाली वाकून पाहिलं, बोटानं माती उकरली, आणखी उकरली. "दहापैकी दहा. असं मी नोकरीत प्रथमच पाहतोय. एकूण दहा. नापास."

"नापास?" कडूबांचं हसू गेलं. "साहेब, एक काडी दाखवा, मी मिशी काढतो!"

अप्पाराव सर भला माणूस, पण गप्प बसण्याची विद्या त्यांना येत नव्हती. "अहो बाबा, तीच तर परीक्षा होती! हरळीच लावायची होती. मुलानं चार महिने सांभाळली होती. कायम व्हायचा होता तो!"

कडूबांनी सरांकडं पाहिलं, मग मातीकडं, मग पोराकडं.

"तू लावल्ती?"

बद्रीनाथनं मान हलवली.

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमाला कसं सांगू, आबा?"

 चाळीस वर्षं कडूबा जे बोलत आले होते तेच त्यांच्या पोराच्या तोंडावर हात ठेवून बसलं होतं, हे त्यांना कळलं. काठी टेकून ते उभे राहिले आणि त्यांनी परीक्षकांपुढं हात जोडले. "साहेब, गुन्हा माझा हाये. पोराला सजा नका देऊ. उद्यापतूर हितं हरळी उभी करून देतो."

"मी उद्या दुपारपर्यंत तालुक्यात आहे," परीक्षक म्हणाले. "बाराला येईन. पण उद्या गवत पाहिजे. सबब नको."

एका दिवसात गवत? पण बद्रीनाथनं पुस्तक पाठ केलं होतं. मातीसकट गवताचे चौकोनी गड्डे उचलून आणायचे, शेजारी शेजारी बसवायचे, दाबायचे, पाणी द्यायचं. लगेच हिरवळ! फक्त हरळी पाहिजे होती. शंभर चौरस फूट. कारखान्याच्या बागेतून एवढी उचलली असती तर कायम होणं सोडाच, रोजंदारीही गेली असती.

"हरळीला काय तोटा?" अप्पाराव सर म्हणाले. "गावात पाहिजे तेवढी मिळेल."

सरांना हे गाव माहीत नव्हतं! बापलेक आधी काकासाहेबांकडं गेले. काकासाहेब झोपाळ्यावरून उठलेच. "हरळी? माझ्या वावरात? कडूबा, जीभ सांभाळ! पुतण्याची सोयरीक मोडली ती मोडली. आता नातवाला पाह्याला दिवाळीत पाव्हणे येनार हायेत. तुला काय माझा नातू बी बिनलग्नाचा ठुवायचा हाये का?"

"काका, म्या मागायला आलोय..."

"मागायला न्हाई, हेरायला आलास तू! निघ!"

पुढचं घर तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. एकानं तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली. एकानं बापलेकांना बसवून चहा पाजला आणि मागच्या दारानं बायकोला खुरपं देऊन रानात पळवलं, म्हातारा येऊन पाहील म्हणून! आधीच कमी असलेली हरळी त्या दुपारी भराभर उपटली जाऊ लागली. बारा घरं झाली. बद्रीनाथ म्हणाला, "आबा, सोडा. नशिबात न्हाई."

 कडूबा सरळ मारुतीच्या पारावर गेले. तिसऱ्या प्रहरी पारावर दहा-पंधरा माणसं असायचीच. काकासाहेबही येऊन बसले होते. म्हाताऱ्यानं पागोटं काढून हातात घेतलं. त्यांना भर पारावर बोडकं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या वावरात हरळी व्हती," ते म्हणाले. "कडूबाच्या वावरात! इहिरीपाशी, दहा बाय दहा. पोरानं लावल्ती, शिक्षणासाठी. म्या ती काढली अन् त्याचं नुसकान केलं. चाळीस वर्सं मी तुमचे बांध पाहत हिंडलो. आजपासून न्हाई पाहनार. कोनाची सोयरीक मोडनार न्हाई. फकस्त मला हरळी द्या. पदर पसरायला त्याची माय न्हाई राह्यली, म्हणून मी पागोटं पसरून राह्यलो."

 बद्रीनाथला रडू आवरेना, म्हणून तो मारुतीच्या पाया पडायच्या निमित्तानं आत गेला.

पाराखालून गोजरबाईचा आवाज आला. "माझ्या तर शेवग्याखाली चटई हाये हरळीची! न्या. म्हशीनं तुमचं खाल्लंय, मला फेडलंच पाह्यजे." मग एक जण खाकरला. "माझ्याबी पाटाच्या कडंला हाये थोडी." मग दुसरा, तिसरा. चाळीस वर्षांची दडवलेली हरळी एकदम बाहेर पडली! दिवस मावळायच्या आत चौदा घरांतून पाट्या आल्या. पंधरावी पाटी पोत्यानं झाकलेली होती. ती काकासाहेबांच्या गड्यानं आणली आणि "ही आमची न्हाई" असं तीनदा सांगून तो परत गेला.

बद्रीनाथनं दोरी लावून गड्डे बसवले. कडूबांनी पाणी घातलं आणि तळव्यानं हरळी थापटली. थापटताना त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी बाराला परीक्षक आले. हिरवळ होती. पण कशी? चौदा रानांची चौदा रंगांची, पंधरावा तुकडा पिवळा. सगळी मिळून आजीच्या हातची गोधडी. गड्ड्यांबरोबर लव्हाळा, गाजरगवत, कुंदा अशी गावातली झाडून सगळी तणंही आली होती. परीक्षकांनी एक गड्डा चिमटीत धरून उचलला. तो हातात आला!

"पकड नाही," ते म्हणाले. "शून्य."

"साहेब, ती हरळी हाये," कडूबा शांतपणे म्हणाले. "उपटून बांधावर फेका, तिथंबी धरती. मी जनमभर तिच्या मुळावर उठलो. मी थकलो, ती न्हाई थकली. तुमी दोन दिसानं या, हा गड्डा तुमाला हलवता आला तर सांगा."

परीक्षकांनी त्यांच्या बोटांकडं पाहिलं आणि ते खाली मान घालून लिहायला लागले. उंची तीन, घनता पाच, रंग चार, पकड शून्य, तणमुक्तता शून्य. एकूण बारा.

"वीस पाहिजेत," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

तेव्हा अप्पाराव सरांच्या अंगात इतिहास संचारला! "साहेब, भेटी दोन, प्लॉट एक. तणमुक्तता तुम्ही काल तपासली, दहा दिले, सही केली. मग आज तीच पुन्हा का तपासायची? तणाचे कालचे धरा, गवताचे आजचे. करारात कुठं लिहिलंय, की सगळं एकाच दिवशी पाहिजे?"

परीक्षकांनी करार काढला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. जमिनीसारखंच तेही राहून गेलं होतं! बारा आणि दहा, बावीस.

बद्रीनाथ पास झाला. त्यानं बापाचे पाय धरले. "आबा, दहा मारक तुमचे हायेत."

दिवाळीनंतर कारखान्यानं त्याला कायम केलं. मात्र प्रमाणपत्र सादर करण्याच्या अटीवर. प्रमाणपत्र विद्यापीठातून यायचं होतं. महिना गेला, दोन गेले. बद्रीनाथ म्हणाला, "आबा, परीक्षा झाली. काढून टाकू का हरळी?"

"हात लावू नको!" म्हातारा कडाडला. "परमानपत्र आलं न्हाई अजून. इदयापीठाचा काय भरोसा? पुन्हा पाह्याला आले तर?"

आणि कडूबांनी ती हरळी राखली. उन्हाळ्यात घागरीनं पाणी घातलं. गोजरबाईची म्हैस काठीनं हाकलली. पावसाळ्यात हरळी दहा बाय दहा ओलांडून तुरीत शिरली, तुरीतून कापसात. म्हातारा बांधावर बसून नुसता पाहत राहायचा. त्यांना झोप लागत नसे, असं दुर्गाबाई सांगायची. पण खुरपं काही त्यांनी उचललं नाही.

चौदा महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. तोवर पाऊण एकर गेलं होतं. कडूबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उजेडात धरला, शिक्क्यावरून अंगठा फिरवला, पोराचं नाव कुठं आहे ते विचारून तिथं बोट ठेवलं. बराच वेळ ते बोट त्यांनी उचललं नाही.

"आता पुन्हा कोनी पाह्याला येनार न्हाई ना?"

"न्हाई, आबा. झालं आता कायमचं."

तेव्हापासून दर रविवारी, साखर कारखान्याचे कायम उद्यान सहायक आणि हिरवळीच्या शास्त्रातले प्रमाणपत्रधारक बद्रीनाथ कडूबा आपल्या रानात उकिडवे बसलेले दिसतात. हातात खुरपं असतं. बांधावर काठी टेकून म्हातारा बसलेला असतो आणि त्याचा आवाज गावच्या पारापर्यंत ऐकू येतो.

"मुळासगट काढ रं! शिकलेल्या मानसावानी वरवर नको ओढू!"